या खेपेला पेंटर निर्दोष

टोमॅटोची झाडं माना टाकायला लागली तेव्हा घरात कुणी कीड शोधली नाही की खताचं नाव काढलं नाही. बायकोनं मागचं दार उघडलं, वाफ्याकडे एकदा पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "अहो, काय केलंत तुम्ही?"

पेंटर मोरीत दाढी करत होता. एका गालावर फेस, दुसरा गाल साफ. हा प्रश्न त्याला नवा नव्हता. भिंतीवरचं घड्याळ उलटं फिरायला लागलं, शेजाऱ्यांची बेल दाबल्यावर आतून कोंबडा आरवला, गल्लीतल्या न्हाव्याच्या पाटीवरच्या माणसाला रातोरात टक्कल पडलं, की हा प्रश्न यायचाच. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा त्याचं उत्तर पेंटरच्या खिशातच असायचं.

या खेपेला मात्र खिसा रिकामा होता. तो तसाच, अर्ध्या फेसासकट, मागच्या अंगणात आला.

घराच्या मागच्या भिंतीला लागून एक लांबट वाफा होता. त्यात चार झाडं, एका रांगेत. पहिलं झाड सासऱ्यांच्या खोलीच्या खिडकीखाली, शेवटचं पेंटरच्या पत्र्याच्या शेडला चिकटून. पहिल्या झाडाची पानं कडेनं तपकिरी होऊन कुरकुरीत झाली होती, जशी उदबत्ती टेकवल्यावर कागदाची कड होते. फुलं गळून पडली होती. मधली दोन आजारी माणसासारखी वाकलेली.

"मी काहीही केलेलं नाही," पेंटर म्हणाला.

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतात."

आता गेल्या वर्षीचं प्रकरण असं होतं. बायको पोस्टात काउंटरवर होती. पाकीट हातात घेतलं की तिला वजन कळायचं, आणि माणूस समोर आला की खोटं कळायचं. पण नवऱ्यावर तिनं गेल्या वर्षी एकदाच, एकाच सकाळी विश्वास ठेवला. झाडाला हिरवेगार टोमॅटो लागले होते आणि काही केल्या पिकत नव्हते. पेंटरला बायकोची घालमेल बघवेना. त्यानं पाट्यांच्या तांबड्या रंगाचा एक हात त्यांच्यावर फिरवला. सकाळी बायकोनं ते लालबुंद टोमॅटो पाहिले, आनंदानं तोडले आणि त्याला कल्पना द्यायची संधी न देता थेट ऑफिसला नेले. पोस्टमास्तरांनी एक हातात घेऊन कौतुकानं कुरवाळला. मग दिवसभर त्या पोस्टातून जे टपाल गेलं, त्या प्रत्येकावर एक लाल अंगठा होता.

तेव्हापासून काउंटरवर कुणीही आलं की विचारायचं, "काय ताई, यंदा कुठला रंग?" म्हणून यंदा तिनं नवी माती आणली, नवी रोपं आणली आणि सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की या वर्षी खरे टोमॅटो आणीन, ताटभर आणीन. आणि आता ही दशा.

"थिनर," बायको म्हणाली. "तुम्ही नळाखाली ब्रश धुता. ते पाणी वाफ्यात मुरतं. सरळ आहे."

"अगं, ब्रश मी डब्यात धुतो!"

"रविवारी भाऊ येतोय. पाने-पक्कड घेऊनच ये म्हणून सांगते. शेड खाली उतरवायची. ना शेड, ना रंग, ना थिनर. पत्रे त्याला कोंबड्यांच्या खुराड्याला हवेच आहेत."

पेंटरच्या गालावरचा फेस वाळून ताणायला लागला. शेड जाणं म्हणजे नुसते पत्रे जाणं नव्हतं. त्याचं सगळं पोट त्या शेडवर होतं. दातांच्या डॉक्टरची अर्धी रंगवलेली पाटी तिथं उभी होती, केकवाल्याच्या दोन होत्या. शेड गेली तर उरत होती एकच जागा, मेव्हण्याच्या वेल्डिंगच्या वर्कशॉपमधला कोपरा. मेव्हणा तो कोपरा आनंदानं देणार होता आणि रोज सकाळी, "भावोजी, तेवढं जरा झाडून घ्या हं," असंही म्हणणार होता. त्यापेक्षा पेंटरनं स्वतःलाच थिनरच्या डब्यात बुडवून घेतलं असतं.

"रविवारपर्यंत मुदत दे," तो म्हणाला. "झाडांना काय झालंय ते मी शोधून काढतो."

"चोरानं चोर शोधायचा?" बायको म्हणाली आणि डबा घेऊन ऑफिसला गेली.

खिडकीतून अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हे सगळं ऐकलं होतं. त्यांनी पेंटरकडे पाहून मान हलवली, फार फार वाईट वाटल्यासारखी.

अण्णा म्हणजे एकेकाळचा बसस्टँडचा आवाज. फलाट, गाडी, जाण्याची वेळ, सगळं तो आवाज सांगायचा. तो लाउडस्पीकरमधून आला की चहाचा घोट घशात थांबायचा आणि झोपलेला माणूस दुसऱ्याची बॅग उचलून पळत सुटायचा. हल्ली त्या घशाला सूज आली होती. बोलले तर चाळणीतून खडी ओतल्यासारखं वाटे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कमी बोला आणि मिठाच्या कोमट पाण्यानं दिवसातून तीनदा गुळण्या करा. मुलाच्या घराखाली दिवसभर लोखंड ठोकलं जायचं, म्हणून अण्णा शांततेसाठी लेकीकडे आले होते. लेक रोज त्यांच्यापुढे मिठाच्या पाण्याचा तांब्या ठेवायची. त्या मिठाची बरणीसुद्धा वेगळी, त्यावर पेंटरनंच झोकदार अक्षरात 'गुळण्या' असं रंगवलं होतं.

पेंटर तपासाला लागला. पहिल्यांदा त्यानं पहिल्या झाडाचं पान तोडलं आणि रोपवाल्याकडे गेला.

रोपवाला पान उलटंसुलटं करून म्हणाला, "ठिपके नाहीत. खालून किडे नाहीत. पाणी घालता?"

"माती ओलीच असते."

"माती ओली आणि झाड तहानलेलं?" रोपवाल्यानं पान नाकाला लावलं. त्याला पेंटरच्या बोटांना येणारा वास आला असावा. "तुम्ही कामाला काय करता?"

"पेंटर आहे."

"अच्छा," रोपवाला म्हणाला आणि पान परत दिलं. त्या एका 'अच्छा'त बायकोचा अख्खा आरोप होता. "मुळाशी बाहेरचं काहीतरी पडतंय. काय ते तुम्हालाच ठाऊक."

पेंटर चिडून घरी आला. वाफ्याजवळ उकिडवा बसला. आता तो सवयीनं दुसऱ्याच्या बाजूनं विचार करायला लागला. हे त्याचं खास कौशल्य होतं. खोडी काढताना आधी विचार करायचा असतो, की समोरचा काय करील. इथं प्रश्न होता, की आपण ही खोडी काढली असती तर कुठून काढली असती?

थिनर नळापाशी असता, तर नळाजवळचं झाड आधी गेलं असतं. नळ शेडला लागून. आणि शेडजवळचं, म्हणजे चौथं झाड? ते सावलीत जरा किडकिडीत वाढलं होतं खरं, पण हिरवंगार. तिसरं थोडं आजारी. दुसरं जास्त. आणि पहिलं, शेडपासून सगळ्यात लांबचं, मरायला टेकलेलं.

म्हणजे संकट शेडकडून येत नव्हतं. ते दुसऱ्या टोकाकडून येत होतं.

तो सरकत पहिल्या झाडापाशी गेला. मातीवर एक पांढुरकी साय आली होती, वाळलेली, भेगाळलेली. त्यानं बोटानं खरवडली, वास घेतला. काही नाही. मग, इकडेतिकडे बघून, जिभेला लावली. खारट.

पेंटरनं हळूच मान वर केली. बरोबर डोक्यावर अण्णांची खिडकी. खिडकीच्या कठड्यापासून भिंतीवरून खाली, थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत, पाण्याचा एक पांढरट ओघळ वाळून राहिला होता.

तो मातीतच बसला आणि तोंडावर हात दाबून हसला. इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. मग तो खिडकीपाशी उभा राहिला.

"अण्णा."

आतून अण्णा वर्तमानपत्रावरून बघायला लागले.

"अण्णा, गुळण्या करता ना नीट?"

अण्णांनी घशाकडे बोट दाखवलं, मग ओठांवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे.

"नुसतं हो की नाही सांगा."

अण्णांनी पुन्हा घशाकडे बोट दाखवलं, या वेळी जरा वेदनेनं. आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

पेंटरच्या मनात आदर दाटून आला. इतकी वर्षं त्याला वाटायचं, की या घरात एकच पोहोचलेला माणूस आहे.

पण आता खरी अडचण पुढे होती. बायकोला सांगायचं तर काय सांगायचं? मी नाही, तुझ्या आजारी बापानं तुझी झाडं मारली? आणि सांगणारा कोण, तर हा, टोमॅटो रंगवणारा! ती उद्याच पाने घेऊन स्वतः शेडवर चढली असती. शिवाय बंद दाराआडून गुळण्यांचा आवाज तर तिला रोज येत होता. येणारच. अण्णांचं बोलणं आणि गुळण्या यांत तसाही काही फरक उरला नव्हता. दोन वाक्यं पुटपुटली की झाली गुळणी.

तेव्हा पुरावा असा हवा होता, की पेंटरला तोंड उघडावं लागू नये.

दुपारी घर शांत असताना त्यानं साखर बारीक दळली, अगदी पीठ. 'गुळण्या' बरणीतलं मीठ एका कागदात बांधून शेडमध्ये ठेवलं आणि बरणीत पिठीसाखर भरली. दिसायला डिट्टो. हिशेब साधा होता. जो खरोखर गुळण्या करतो तो पहिल्याच घोटाला थू करून बाहेर येईल. जो बाहेर येणार नाही तो करतच नाही.

संध्याकाळी बायकोनं नेहमीसारखा तांब्या आत नेला. दार बंद झालं. आतून खर्रर्र, खर्रर्र असा आवाज आला. मग दार उघडलं आणि अण्णा पंच्यानं तोंड पुसत, रिकामा तांब्या हातात घेऊन बाहेर आले.

"बरं वाटतंय का?" बायकोनं मायेनं विचारलं.

अण्णांनी अंगठा वर केला.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पेंटरला एकदम जोराचा खोकला आला.

"तुम्हाला काय झालं?"

"काही नाही. घसा जरा धरलाय."

"मग तुम्हीही करा गुळण्या."

"नको, नको," पेंटर घाईनं म्हणाला, आणि अण्णांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच जरा संशयानं पाहिलं.

पेंटरचा बेत असा, की रविवारी मेव्हण्यासमोर अण्णांच्या हातात तांब्या द्यायचा आणि म्हणायचं, एक गुळणी आमच्यासमोर होऊन जाऊ दे. बस्स. बाकीचं आपोआप होईल. तोवर तो रोज सकाळी हसू दाबत दातांच्या डॉक्टरची पाटी रंगवत राहिला. त्या भरात दाढेला डोळे काढले गेले आणि नंतर पुसावे लागले.

रविवार उजाडला. मेव्हणा आला तोच हातात पाना घेऊन. पोटानं पुढे, आवाजानं त्याहून पुढे. पोटाखेरीज सगळं अण्णांकडून आलेलं.

"भावोजी, सामान काढलंत का बाहेर? कोंबड्या वाट बघतायत."

"अजून दुपार व्हायचीये," पेंटर म्हणाला.

"एक पत्रा सैल करून ठेवतो. तेवढीच सुरुवात." आणि त्यानं खरंच शेडच्या कोपऱ्यातला पत्रा उचकटला. पेंटरला आपलीच दाढ उपटल्यासारखं वाटलं.

"आधी खाऊन घे रे," बायकोनं आतून हाक मारली. "अंडी उकडलीत."

सगळे टेबलाशी बसले. अण्णाही आले. मेव्हण्यानं अंडं सोललं, अर्धं केलं आणि बहिणीकडे हात पसरला. "ताई, मीठ."

"मिठाचा डबा काल रिकामा झाला. थांब." बायको आत गेली. आतून बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

पेंटर अर्धवट उठला. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. "अगं, मी आणतो दुकानातून."

"कशाला? गुळण्यांचं आहे की घरात," म्हणत ती वाटी घेऊन आलीसुद्धा. मेव्हण्यानं चिमूट मोठी घेतली. त्याची सगळीच मापं मोठी. अर्धं अंडं एका घासात तोंडात टाकलं.

त्याचं चावणं हळू झालं. मग थांबलं. डोळे आधी बारीक झाले, मग गोल.

"ताई," तो तोंड न हलवता म्हणाला, "हे अंडं कुठल्या कोंबडीचं आहे?"

बायकोनं वाटीत बोट बुडवून चाखलं. मग ती वळली. खरं तर तिची मान वळायच्या आधीच पेंटरला कळलं होतं.

"अहो."

"हो," पेंटर म्हणाला. "हे मी केलं. तीन दिवस झाले, साखर आहे. पण."

"आजारी माणसाच्या औषधाशी खेळ? तुम्हाला लाज नाही वाटली? तीन दिवस माझा बाप साखरेच्या पाण्यानं गुळण्या करतोय आणि तुम्ही," इथं ती थांबली. पाकिटाचं वजन हातात आल्यावर थांबायची तशीच. "तीन दिवस."

तिनं अण्णांकडे पाहिलं. "अण्णा, तीन दिवस तुम्हाला पाणी गोड लागलं नाही?"

अण्णांनी घशाकडे बोट दाखवलं.

"जिभेला काय झालंय? सूज घशाला आहे."

अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. पण आता त्या बोटात जोर नव्हता. बायको उठली आणि सरळ त्यांच्या खोलीत गेली. तिच्यामागे मेव्हणा, मेव्हण्यामागे पेंटर.

खिडकीत एक काळी, बारीक, हलती रेघ होती. मुंग्या. वाफ्यातल्या पहिल्या झाडाच्या बुंध्यापासून भिंतीवरून वर, कठड्यावरून आत, तिथून उशीपर्यंत. शिस्तीत, एकामागे एक, जणू त्यांना कुणी फलाट क्रमांक सांगून सोडलं होतं. मुंग्यांचा पेंटरनं विचारच केला नव्हता. त्याला वाटलं, या धंद्यात नशीबही लागतं.

बायको खिडकीतून वाकून बराच वेळ खाली बघत राहिली. ओघळ बघितला. झाड बघितलं.

"म्हणजे रोज तीन तांबे मीठ," ती म्हणाली. "माझ्या टोमॅटोला."

अण्णा दारात उभे होते. पेंटरला वाटलं होतं, आता मजा येईल. पण अण्णांचा चेहरा पाहून त्याला तितकीशी येईना.

"तुला काय वाटतं, मला बरं व्हायचं नाही?" अण्णा त्या खडीच्या आवाजात म्हणाले. "पहिल्या दिवशी केली गुळणी. मनापासून केली. पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी हसलं. म्हणालं, मोरी तुंबली वाटतं. या आवाजावर गाड्या सुटायच्या गं. आता तोंडातून मोरी वाजते, ती गल्लीला ऐकवू?"

मेव्हण्यानं उगाच पाना या हातातून त्या हातात घेतला. बायकोनं डोळे पदराला लावले, आणि मग तिच्या खांद्यांवरून कळलं, की ती रडत नाहीये. तिला हसू आवरत नव्हतं.

"झाडाला तरी सांगायचंत अण्णा, की गुळणी करून थुंक म्हणून!"

तिथं सगळ्यांचाच बांध फुटला. अण्णासुद्धा हसले. ते हसणं खरंच तुंबलेल्या मोरीसारखं आलं आणि त्यावर सगळे पुन्हा हसले.

मग बायको टेबलाशी बसली आणि काउंटरवर बसल्यासारखा निकाल दिला. शेड राहील. मेव्हण्यानं उचकटलेला पत्रा जाण्याआधी परत बसवायचा.

"आणि माझ्या कोंबड्या?"

"त्यांना साखर घाल. आणि अण्णा, तुम्ही आजपासून शेडमध्ये गुळण्या करायच्या, दार लावून. पत्र्याच्या आत कुणाला काही कळत नाही."

"आवाज बाहेर येईलच," अण्णा म्हणाले.

"येऊ दे. हेही करतील तुमच्याबरोबर." तिनं पेंटरकडे बोट दाखवलं. "रोज, तिन्ही वेळा. साखर घालताना मजा वाटली ना? दोघांत कुणाची मोरी वाजतेय ते गल्लीला ओळखू दे."

"मी का?" पेंटर ओरडला. "या खेपेला मी निर्दोष आहे!"

"म्हणूनच शिक्षा कमी आहे," बायको म्हणाली.

त्या दिवशी मेव्हण्यानं पत्रा ठोकला आणि पेंटर बादल्या वाहत राहिला. पहिलं झाड हात लावताच निघून आलं, मुळं काळी पडलेली. त्याच्याखालची माती त्यानं खरवडून बाहेर टाकली. बाकीच्यांना नळाचं साधं पाणी घातलं, जिरू दिलं, पुन्हा घातलं, म्हणजे मीठ मुळांच्या खाली धुऊन जाईल. मधली दोन बरेच दिवस रुसून बसली. मग शेंड्याला एक हिरवं, कोवळं पान आलं, कड शाबूत.

शेडमध्ये रोज तिन्ही वेळा कार्यक्रम रंगू लागला. सुरुवातीला पेंटर शिक्षा म्हणून करत होता. पण दोन माणसं एकत्र गुळण्या करतात तेव्हा कुणीतरी सूर लावतंच. अण्णा खालच्या पट्टीत, पेंटर वरच्या. मग पेंटर म्हणायचा, "अण्णा, फलाट दोन होऊन जाऊ दे," आणि अण्णा तोंडभर पाण्यानं गाडी सोडायचे. पलीकडच्या गच्चीवरचे लोक आता वेळेवर येऊन उभे राहायचे. अण्णांचा आवाज पूर्वीसारखा झाला नाही, पण खडीची वाळू झाली. वाळूच्या आवाजात ते भरपूर बोलू लागले. पेंटरला कधीकधी वाटायचं, शांततेचे दिवस बरे होते.

एका सकाळी बायको मागच्या दारातून ओरडली, "अहो, काय केलंत तुम्ही?"

पेंटर आणि अण्णा, दोघंही, तोंडात पाणी घेऊन शेडमधून बाहेर आले. चौथ्या झाडावर, शेडच्या सावलीत, एक लालभडक टोमॅटो लटकत होता.

पेंटरनं दोन्ही हात वर केले. तोंडात पाणी असल्यानं शपथ घेता येईना. अण्णांनी सवयीनं घशाकडे बोट दाखवलं.

बायको वाफ्याशी वाकली. देठ बघितलं, दोरा कुठे दिसतोय का बघितलं. नखानं साल खरवडली आणि नख उजेडात धरून पाहिलं. रंग नव्हता. तिनं टोमॅटो तोडला, हातात तोलला, आणि तिथंच उभं राहून कचकन चावा घेतला. रस हनुवटीवरून ओघळला. ती डोळे मिटून चावत राहिली आणि दोन गाल फुगवलेली माणसं तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

शेवटी तिनं डोळे उघडले आणि मोकळा हात पुढे केला.

"मीठ आणा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जायला कुणीच तयार होईना.